हाड जुळून येत नाही तेव्हा

बहारीनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही मोजक्याच दिवशी. पडला की रस्त्यांवर तळी साचतात आणि इमारतींच्या गुळगुळीत पायऱ्यांवर वाळू-पाण्याचा पातळ थर बसतो. जानेवारीतल्या अशाच एका सकाळी ऑफिसला निघताना मनामाच्या गुदैबिया भागातल्या आमच्या इमारतीच्या दारात माझा पाय घसरला आणि मी उजव्या कोपरावर पडले. खालच्या कोल्ड स्टोअरमधला, म्हणजे किराणा दुकानातला, मुलगा धावत आला, त्यानेच ९९९ला फोन केला. सल्मानिया मेडिकल कॉम्प्लेक्सच्या अपघात विभागात सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवलं, एक्स-रे झाला, हात अर्ध्या प्लास्टरमध्ये बांधला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, की कोपराच्या लगेच वर दंडाचं हाड मोडलंय, एक चीर सांध्यातही गेलीय, ऑपरेशन करावं लागेल.

कंपनीच्या विम्यात बसणाऱ्या एका खाजगी इस्पितळात त्याच आठवड्यात ते झालं. बाहेरच्या बाजूने एक प्लेट बसवली होती आणि आतल्या बाजूचा तुकडा नुसत्या स्क्रूंनी धरला होता. शुद्धीवर आल्यावर मला सांगण्यात आलं, की सहा आठवड्यांत हाड धरेल, तीन महिन्यांत पहिल्यासारखं होईल.

पुढे जे झालं ते समजायला कोपराची रचना थोडी माहीत असावी लागते. ती मला तेव्हा कुणी सांगितली नाही, पुष्कळ नंतर कळली. कोपर हा तीन हाडांचा सांधा. वरून दंडाचं हाड येतं, खालून पुढच्या हाताची दोन हाडं. दंडाचं हाड खाली येता येता चपटं होतं. दोन्ही कडांना ते जाड असतं आणि मधोमध इतकं पातळ, की उजेडासमोर धरलं तर आरपार उजेड दिसावा. काही माणसांत तर तिथे भोकच असतं. म्हणजे स्क्रूला पकडायला हाड फक्त दोन कडांना, आणि तेही थोडंच. अशा जागी मोडलं की साधारणपणे दोन्ही कडांना एकेक प्लेट लावतात, म्हणजे हात हलवला तरी तुकडे जागचे हलत नाहीत. एवढं करूनही या जागेच्या फ्रॅक्चरमध्ये शंभरातल्या दोन ते दहा जणांचं हाड जुळत नाही, असं या विषयावरचं वैद्यकीय लिखाण सांगतं. बाकीच्यांचं जुळतं. म्हणून तीन महिन्यांनीही माझं दुखणं थांबेना, तेव्हा प्रत्येक जण मला त्या बाकीच्यांतच धरून बोलत होता.

फिजिओथेरपी लवकर सुरू झाली होती. फिजिओ दर वेळी कोनमापक लावून हात किती वाकतो ते मोजायची आणि वहीत लिहायची. आकडे वाढत होते. पन्नास अंशांवरून सत्तर, सत्तरवरून नव्वद. ती खूश, मी खूश, घरी व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे जायचे तर तेही खूश. पण दुखणं आकड्यांबरोबर कमी होत नव्हतं. ते जखमेचं दुखणं नव्हतं आणि सांधा ताणल्याचंही नव्हतं. कुलपात किल्ली फिरवताना, पाण्याचा ग्लास उचलताना, उशीवरून हात सरकवताना कोपराच्या जरा वर, आत खोल, काहीतरी घासल्यासारखं व्हायचं. कधी कधी तो आवाज मलाही ऐकू यायचा. संध्याकाळी सूज चढायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर वाटायचं. हे सगळं मी दर तपासणीला सांगितलं. उत्तर एकच मिळायचं: वेळ द्या, वयाप्रमाणे हाड हळू भरतं. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात साताऱ्याकडची एक नर्स भेटली. ती बहारीनमध्येच एका ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. मी श्रीखंडाची वाटी घेताना डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देत होते, ते तिने बघितलं. बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, हाताला असा आधार द्यावा लागतोय याचा अर्थ आत काहीतरी सैल आहे. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि नुसता एक्स-रे नका काढू, सीटी काढायला सांगा."

दुसऱ्या इस्पितळात ज्यांना दाखवलं ते वयस्कर बहारिनी सर्जन होते. इथल्या जुन्या पिढीतल्या पुष्कळांसारखं त्यांना हिंदी स्वच्छ येत होतं. आजोबा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जात असत, असं नंतर एकदा त्यांनी सांगितलं. त्यांनी आधी सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला सी-आर्मखाली बसवलं. त्या यंत्रात एक्स-रेचं चित्र हलतं दिसतं. पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "आता हात हळूहळू वाकवा, आणि कुठे काय हलतंय ते तुम्हीच बघा."

मी वाकवला. पडद्यावर पुढचा हात वर आला. पण जिथे तो दंडाच्या हाडाला भेटतो तो सांधा जवळजवळ हललाच नाही. हललं ते त्याच्या वरचं, मोडलेल्या जागेतलं. पुढच्या हाताबरोबर सांधा आणि दंडाच्या हाडाचं खालचं टोक असं सगळं एकत्र वर यायचं आणि परत जायचं. प्लेटचे खालचे दोन स्क्रू हाडात डुलत होते, त्यांच्याभोवती काळी कडा दिसत होती. इतके दिवस वहीत जे अंश वाढत होते, ते कोपराचे नव्हतेच. ते न जुळलेल्या फटीचे होते. फट जितकी सैल, तितके आकडे चांगले.

हे बघितल्यावर मला रडू आलं नाही, उलट मोकळं वाटलं. जे मला जाणवत होतं ते खरं होतं. अनेक महिने दुखणाऱ्या माणसाला हे कळणंसुद्धा उपचारातला मोठा भाग असतो, असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी पुढे जे समजावून सांगितलं ते मी घरी येऊन डाव्या हाताने वहीत उतरवून ठेवलं. पहिल्या ऑपरेशननंतर सांधा आखडला होता. सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि घट्ट झालं होतं. कोपर हा असा सांधा आहे, की मार बसल्यावर फार लवकर आखडतो. सांधा आखडल्यावर आपण हात वाकवायचा जोर लावतो, पण तो जोर सांध्यात जिरत नाही, फ्रॅक्चरवर जातो. डॉक्टर म्हणाले, "दाराची बिजागरी गंजली आणि तुम्ही दार ढकलत राहिलात, तर बिजागरी फिरत नाही, चौकटीतले स्क्रू उपटून येतात. म्हणून नुसती नवी प्लेट लावून भागणार नाही. आधी बिजागरी मोकळी करायची, मग हाड बांधायचं. दोन्ही एकाच वेळी." माझ्या आजाराचं मर्म या तीन-चार वाक्यांत होतं. न जुळणारं हाड आणि आखडलेला सांधा हे वेगवेगळे त्रास मानून एक सर्जनकडे आणि दुसरा फिजिओकडे सोपवला होता. प्रत्यक्षात एक दुसऱ्याला पोसत होता.

हाड का जुळत नाही, याचं उत्तर मी नंतर बरंच वाचलं. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला हाडांवर संशोधन करणारे स्टेफान पेरेन यांनी मांडलेला एक विचार मला सगळ्यात पटला. मोडलेल्या दोन टोकांमध्ये आधी मऊ पेशीजाल येतं, मग कूर्चा, मग हाड. प्रत्येकाची ताण सोसायची कुवत वेगळी. मऊ जाल आपल्या लांबीइतकं ताणलं गेलं तरी टिकतं, कूर्चा साधारण १० टक्के सोसते, आणि हाड अवघं २ टक्के. एका टप्प्याने फट थोडी घट्ट केली, की पुढच्याला जागा मिळते. पण फट सतत जास्त हलत राहिली, तर तिथे हाड धरणं शक्यच नसतं. शरीर प्रयत्न करत राहतं आणि त्या जागी तंतूंचा लगदा तयार होतो. फार दिवस गेले तर तिथे खोटा सांधाच बनतो, त्यात सांध्यात असतं तसं पाणीसुद्धा साचतं. काही रुग्णांत टोकांशी भरपूर नवं हाड वाढलेलं असतं, फक्त स्थिरता नसते. अशांना नीट घट्ट बांधलं, की पुष्कळदा जुळतं. काहींत टोकं निस्तेज आणि बारीक होत जातात, कारण रक्तपुरवठाच गेलेला असतो. तिथे घट्ट बांधून शिवाय ताजं हाड आणून भरावं लागतं. माझी टोकं दुसऱ्या प्रकाराकडे झुकलेली होती.

मी त्यांना विचारलं, की नऊ महिने वाट बघायची असते ना? तसं मी कुठेतरी वाचलं होतं. ते म्हणाले, नऊ महिने झाले आणि त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती नाही, ही अमेरिकेच्या औषध प्रशासनाची व्याख्या. ती अभ्यासासाठी ठीक. प्लेट सैल झाली आहे, स्क्रू डुलत आहेत, हे डोळ्यांनी दिसल्यावर कॅलेंडर कशाला बघायचं? थांबलो तर ते स्क्रू उरलंसुरलं हाड खात जातील.

तरीही त्यांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाही, आणि हे मला त्यांचं सगळ्यात आवडलं. आधी त्यांना कारण शोधायचं होतं. जंतुसंसर्ग आत दडून बसला असेल तर कितीही चांगली प्लेट टिकत नाही, म्हणून ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या. साखर, थायरॉइड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. सिगारेट, आणि सिगारेट नसेल तर शीशा, म्हणजे हुक्का. शीशा इथे बायकाही ओढतात आणि त्याला धूम्रपान समजत नाहीत, म्हणून ते मुद्दाम वेगळं विचारतात. मी दोन्ही ओढत नाही. डायक्लोफिनॅकच्या वेदनाशामक गोळ्या किती दिवस घेतल्या, हेही विचारलं. त्या गोळ्यांनी हाड जुळायला अडथळा येतो का, याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही, पण माझ्यासारख्यांनी त्या टाळलेल्या बऱ्या, म्हणून पॅरासिटमॉलवर आणलं.

रिपोर्ट आले. ड जीवनसत्त्व ११. वीसच्या खाली असेल तर कमतरता धरतात. साखर थोडी वाढलेली, पण मला त्याचा पत्ता नव्हता. ज्या देशात वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असतं, तिथे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आमचा दिवस बघितला तर कळतं: एसी घरातून एसी गाडीत, गाडीतून एसी ऑफिसात. उन्हाळ्यात इथे दुपारी उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते, इतकं ते ऊन कडक. त्यात शिरायला कुणी धजत नाही. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ही तपासणी झाली नव्हती. नुसत्या त्या कमतरतेमुळे हाड जुळलं नाही असं कुणी म्हणणार नाही, मूळ कारण सैल बांधणी. पण दुसऱ्यांदा हाड उघडायचं तर शरीराची अशी कुठलीही बाजू लंगडी ठेवायची नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. काही आठवडे त्यातच गेले.

या आठवड्यांत मिरजेहून फोन सुरू झाले. आमचं माहेर मिरजेचं. १८९४मध्ये विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आमच्या गावाला दवाखान्यांची आणि डॉक्टरांची सवय आहे. गमतीचा योग म्हणजे बहारीनमधलं सगळ्यात जुनं इस्पितळही अमेरिकन मिशनचंच, १९०३चं. आईला हे सांगितल्यावर तिला जरा धीर आला. तिने तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरांना माझे एक्स-रे मोबाइलवर दाखवले. त्यांनी भलतं काही सांगितलं नाही. "फोटोवरून मत देणार नाही. सीटी बघितल्याशिवाय आणि हात हातात घेतल्याशिवाय यात बोलू नये," एवढंच म्हणाले. असं स्पष्ट सांगणारा डॉक्टर लाभणं हे भाग्यच.

मावशीचा सल्ला मात्र वेगळा होता. सांगलीजवळच्या एका हाडवैद्याचं तेल ती कुरिअरने पाठवणार होती, आणि मनामात मालिश करणारा कुणी मिळतो का बघ म्हणत होती. तिचं प्रेम मला कळत होतं. तरीही याबद्दल मला इथे जोर देऊन लिहायचंय, कारण आपल्याकडे हे घरोघरी चालतं. मार बसलेल्या कोपराला चोळणं, दुसऱ्याने जोर लावून ते वाकवणं किंवा सरळ करणं, यासारखं घातक काही नाही. कोपराच्या पुढचा स्नायू हाडाला अगदी चिकटून असतो. मार बसलेल्या त्या स्नायूत चोळण्याने आणि ओढण्याने पुन्हा पुन्हा रक्त साकळतं आणि स्नायूतच हाड तयार होऊ लागतं. मग सांधा कायमचा जखडतो. आणि जिथे हाड जुळलेलंच नाही तिथे चोळणं म्हणजे फट मुद्दाम हलवत ठेवणं.

माझ्या एका मामेभावाचं कोपर आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पाच-सहा वर्षांचा असताना तासगावजवळच्या मळ्यात आंब्यावरून पडला. कोपर सुजलं. बांबूच्या कामट्या लावून, हळद-तेल घालून बांधलं. सूज उतरली, दुखणं थांबलं, पोरगं खेळायला लागलं. एक्स-रे कुणी काढला नाही. लहान मुलांत कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा मोडला आणि थोडा सरकला तर तो फसवा असतो. त्यातला बराच भाग अजून कूर्चेचा असल्यामुळे एक्स-रेतही पुरता दिसत नाही, आणि सांध्यातलं पाणी त्याला जुळू देत नाही. त्याचा हात वाढत्या वयाबरोबर बाहेरच्या बाजूला वाकत गेला. कामाला काही अडलं नाही. पण चाळिशीत त्याच्या करंगळीतलं बळ गेलं, अंगठ्याजवळचा मांसल भाग आत गेला, खुरप्याची पकड सुटायला लागली. बाहेर वाकलेल्या कोपरामागून करंगळीकडे जाणारी नस वर्षानुवर्षं ताणली गेली होती. पस्तीस वर्षांपूर्वीच्या मोडीचं बिल त्याने तेव्हा भरलं. तो स्वतः मला फोन करून म्हणाला, "ताई, तेल लावू नकोस. ऑपरेशन कर."

दरम्यान ऑफिसचा प्रश्न होताच. बहारीनच्या २०१२च्या कामगार कायद्यात वर्षाला आजारपणाची १५ दिवस पूर्ण पगारी, २० दिवस अर्ध्या पगाराची आणि २० दिवस बिनपगारी रजा आहे. पहिल्या ऑपरेशनला त्यातली बरीच गेली होती. मी हिशेबाचं काम करते. डाव्या हाताने माउस चालवायला शिकले आणि कामावर जात राहिले, कारण रजा दुसऱ्या ऑपरेशनसाठी राखायची होती. विम्याचं अप्रूव्हल हे वेगळंच काम. त्याच हाडाचं दुसरं ऑपरेशन त्याच वर्षात का, याचं समर्थन डॉक्टरांना लेखी द्यावं लागलं, सीटीची चित्रं जोडावी लागली. इकडे करावं की मिरजेला जाऊन करावं, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. शेवटी नवरा म्हणाला, की ऑपरेशन काही तासांचं असतं, व्यायाम काही महिन्यांचा. जिथे तू रोज राहणार आहेस तिथेच कर, म्हणजे ज्याने हात उघडला तोच पुढे बघेल. मला ते पटलं.

माझ्या काकांची नडगी न जुळल्यामुळे त्यांना पूर्वी पायाभोवती कड्या लावल्या होत्या. ती इलिझारोव्हची पद्धत. सायबेरियाकडच्या कुर्गान शहरात गाव्रिइल इलिझारोव्ह यांनी ती शोधली. १९८०मध्ये कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक, ज्याचा पाय कित्येक वर्षं धड झाला नव्हता, तो तिथे जाऊन बरा होऊन आला आणि मग पश्चिम युरोपने तिची दखल घेतली. मला वाटलं, आपल्यालाही कड्याच लावतील. डॉक्टर म्हणाले, नडगीसाठी ती उत्तम, पण सांध्याच्या इतक्या जवळ, एवढ्याशा तुकड्यात, दोन प्लेटा जास्त भरवशाच्या.

ऑपरेशन पाच तास चाललं. आत काय केलं ते त्यांनी मला आधीच चित्र काढून दाखवलं होतं. मोडलेल्या जागेपर्यंत मागून नीट पोहोचायचं तर कोपराचं टोक कापून वर उचलावं लागतं आणि शेवटी ते तारेने पुन्हा बांधावं लागतं. म्हणजे एक मोड बसवायला दुसरी मुद्दाम करायची. करंगळीकडे जाणारी नस जुन्या व्रणात अडकली होती, ती सोडवून पुढच्या बाजूला आणून ठेवली. जुनी प्लेट आणि स्क्रू काढले. फटीतला लगदा खरवडून हाड रक्त दिसेपर्यंत ताजं केलं. त्यातले वेगवेगळ्या जागचे नमुने जंतूंच्या तपासणीला गेले आणि प्रयोगशाळेने ते दोन आठवडे ठेवले, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. मग सांध्याचं घट्ट आवरण पुढून-मागून मोकळं केलं. कमरेच्या हाडाच्या कडेतून हाड काढून फटीत भरलं. शेवटी दोन्ही कडांना एकेक प्लेट.

जागी झाल्यावर कोपरापेक्षा कंबर जास्त दुखत होती. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते: ज्यांचं कमरेचं हाड काढून भरणार आहेत त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत चालायला, उठायला-बसायला घरात कुणीतरी हवं याची सोय आधी करून ठेवावी. आमची मुलगी पुण्याहून आली म्हणून निभावलं.

नमुन्यांत जंतू निघाले नाहीत. पट्ट्या सोडल्यावर लगेच व्यायाम सुरू झाला, पण या वेळी वेगळा. नवी फिजिओ केरळची, शांत. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, मी तुमचा हात ढकलणार नाही. तुम्हीच, तुमच्या ताकदीने, दुखण्याच्या अलीकडेपर्यंत." उताणं निजून हात डोक्याकडे न्यायचा आणि त्याच्याच वजनाने वाकू द्यायचा. दिवसातून पुष्कळदा, थोडा थोडा वेळ. डॉक्टरांनी महिन्यानंतरच्या तपासणीत पुन्हा सी-आर्मखाली हात वाकवायला लावला. या वेळी खालचा सांधा हलत होता आणि वरची जागा गच्च होती. पडद्याकडे बघत नवरा कितीतरी वेळ गप्प उभा होता. सीटीमध्ये फटीतून आरपार गेलेलं हाड दिसायला आणखी काही महिने लागले.

मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरी यांनी १९८१मध्ये रोजच्या कामांना कोपर किती वाकावं लागतं ते मोजलं होतं. बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या पट्ट्यात होतात असं त्यांना आढळलं. माझं कोपर आज पंचवीसपासून एकशे पंचवीसपर्यंत जातं. घास तोंडाशी जातो, पोळ्या लाटता येतात, कपाळाला टिकली लावता येते. वेणी घालता येत नाही. तिला हात मानेमागे जावा लागतो, त्याला लागणारे शेवटचे अंश माझ्याकडे नाहीत. मोबाइलही उजव्या कानाला फार वेळ धरवत नाही. करंगळीतला बधिरपणा गेला, टोकाला थोडा उरलाय. यापुढे फार फरक पडणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्रास झाला नाही तर प्लेटा आतच राहणार आहेत.

आखातात राहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. आपण नोकरी बदलतो, विमा बदलतो, देश बदलतो, आणि कागद मागे राहतात. माझं दुसरं ऑपरेशन लांबलं त्यातला काही काळ केवळ पहिल्या ऑपरेशनची नोंद मिळवण्यात गेला. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं असतं, ते उघडायचा पेचकस वेगळा असतो, आणि आत कुठली प्लेट आहे हे माहीत नसेल तर पुढच्या सर्जनला ती काढायची हत्यारं आधी मागवता येत नाहीत. शरीरात धातू बसवला असेल तर इस्पितळातून घरी जाण्यापूर्वीच ऑपरेशनची पूर्ण नोंद मागून घ्या. प्लेट आणि स्क्रू कुठल्या कंपनीचे, कुठल्या मापाचे, हे तिच्यावर लिहून घ्या. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या एक्स-रेंची सीडी घ्या आणि तारखेप्रमाणे जपून ठेवा. या गोष्टी रुग्णाने मागितल्या तर त्याला मिळायला हव्यात. तेव्हा मागा.